कोष्टकाचं शेवटचं पान

डॉक्टरेटच्या नियमांची पुस्तिका चौदा पानांची होती आणि ती मला ऑफिसातल्या कारकुनापेक्षा जास्त पाठ होती. तो म्हणायचा, "रूल नाइन बघा, मिस." मी म्हणायची, "नऊमध्ये हजेरीची अट आहे, तुम्हाला अकरा म्हणायचंय." त्याला माझा राग यायचा. येऊ दे. मी तिथे गोड बोलायला जात नव्हते.

अटी अशा होत्या. एम.एस्सी. पहिल्या वर्गात, नसेल तर संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव. दोन लेखी पेपर. इंग्रजी सोडून एक परदेशी भाषा. विभागापुढे दोन व्याख्यानं. नाव नोंदवल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रबंध, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटी एक टाइप केलेलं निवेदन, की हे सगळं काम उमेदवाराचं स्वतःचं आहे; त्याखाली मार्गदर्शकाची सही.

माझा वर्ग दुसरा. म्हणून मी अनुभवावर बोट ठेवलं. संस्थेच्या गणनाखोलीत मी सात वर्षं आकडेमोड करत होते. नेमणुकीच्या पत्रावर माझा हुद्दाच 'कॉम्प्युटर' होता, तेव्हा तो माणसांचा हुद्दा असायचा. कारकून पत्र वाचून म्हणाला, "हे कॅल्क्युलेशन आहे, मिस. रिसर्च नाही."

"अय्यो, मग रिसर्चमध्ये आकडे कुठून येतात? तिरुपतीहून?"

त्याने फाइल बंद केली. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "तुझी ही जीभ एक दिवस तुला घरी बसवणार बघ." अण्णा म्हैसूर राज्याच्या सचिवालयात होते, कारकुनांशी कसं बोलावं हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. तेव्हा आम्ही नुकते जयनगरात राहायला गेलो होतो. रस्ते आखून झाले होते, घरं मात्र अधूनमधून होती. मी रोज दोन बस बदलून मल्लेश्वरमच्या पुढे संस्थेत जायची आणि बसमध्ये ती पुस्तिका वाचायची.

शेवटी सरांनी वाट काढली. सर म्हणजे आमच्या विभागाचे रीडर, प्राध्यापकाच्या एक पायरी खाली. तमिळ, मितभाषी, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. पातळ पत्रे वाऱ्यात कसे थरथरतात याचं गणित हा त्यांचा विषय. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, की ही उमेदवार सात वर्षं संशोधनकार्यात गुंतलेली आहे. तेवढ्यावर माझं नाव नोंदलं गेलं, आणि मार्गदर्शक तेच झाले. हा उपकार मी कधी नाकारला नाही. आजही नाकारत नाही.

आता ती खोली सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

खोलीत दोन टेबलं, पाठीला पाठ लावलेली. दोन्हींवर हातानं फिरवायची गणनयंत्रं. भागाकार करताना आकडा ओलांडला की टिंग वाजायचं, मग हँडल एक फेरा उलटं. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर माझी मैत्रीण. ती बेळगावकडची, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. घरी मराठी बोलणाऱ्या त्या इमारतीत आम्ही दोघीच. माझं मराठी तीनशे वर्षं म्हैसूरच्या मुलखात मुरलेलं, तिचं सीमेवरचं. पुण्याहून कुणी पाहुणा आला की दोघींचं ऐकून हसायचा. आम्ही त्याला स्वल्प हसू द्यायचो आणि मग कामाला लागायचो.

कामाची शिस्त कडक होती. एकच गणित दोघींनी स्वतंत्र करायचं, मध्ये बोलायचं नाही. मग ताळा. ताळ्याला एकीनं आकडे वाचायचे, दुसरीनं खूण करायची, आणि वाचताना आकडे सुटेसुटे: तीन, एक, आठ, चार. एकतीस, चौऱ्याऐंशी असं कधीच नाही. मग पक्क्या वहीत उतरवायचं, ते उतरवलेलं पुन्हा वाचून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी ओळींमधले फरक, फरकांचे फरक, असे चार वेळा काढायचे. आकडे नीट असतील तर चौथे फरक शांत असतात. एक जरी आकडा चुकला असेल तर तिथे पाच ओळींत गोंधळ उठतो. यातून चूक सुटत नाही.

माझी नोंदणी व्हायच्या खूप आधी, सर स्वतः डॉक्टरेट करत होते तेव्हा, त्यांच्यासाठी आम्ही त्यांच्या समीकरणांना लागणाऱ्या किमतींचं एक कोष्टक केलं. चारशे ओळी, प्रत्येकी सहा दशांश स्थळं. आठ महिने लागले. ते लाल कापडाच्या पक्क्या वहीत उतरवताना शेवटचं पान राहिलं आणि सर दारात आले. टायपिस्ट खोळंबला होता, सरांचीही मुदत संपत होती. "आज संध्याकाळपर्यंत, प्लीज," म्हणाले. सर कधी प्लीज म्हणत नसत. आम्ही हुरळलो. मैत्रीण कच्च्या कागदावरून वाचत गेली, मी लिहीत गेले, आणि भराभर व्हावं म्हणून जोड्यांनी वाचायला लागलो. एकतीस, चौऱ्याऐंशी, बावन्न. शेवटचं पान पुन्हा वाचून बघितलं नाही. फरकही काढले नाहीत. टायपिस्ट वही घेऊन गेला, कच्चे कागद नंतर रद्दीत गेले, आणि सरांना पदवी मिळाली. त्यांनी आम्हाला मैसूरपाक दिला. प्रबंधात कोष्टकाच्या वर छापलं होतं, 'लेखकाने तयार केलेले कोष्टक'. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही मैसूरपाक खाल्ला.

माझ्या प्रबंधाचे पहिले तीन अध्याय त्याच लाल वहीवर उभे राहिले. नोकरी सांभाळून दोन्ही पेपर दिले. भाषा जर्मन घेतली. जर्मनच्या वर्गात मास्तर म्हणाले, या भाषेत बावन्न म्हणताना दोन आधी म्हणतात आणि पन्नास नंतर, लिहिताना सांभाळा. कन्नड आणि तमिळ बोलणारी सगळी पोरं वैतागली. त्यांच्यात पन्नास आधी येतो. मी म्हटलं, यात काय एवढं, आम्ही जन्मभर असंच म्हणतो. फुशारकीनं म्हटलं. परीक्षेतही वरचे मार्क मिळाले.

चौथा अध्याय मात्र हातानं होण्यातला नव्हता. साठीचं दशक सरत आलं होतं. शहराच्या पूर्वेला एका कारखान्यात, आता ज्याला कॉम्प्युटर म्हणतात ते, मोठं यंत्र आलं होतं आणि संस्थेला आठवड्यातली एक सकाळ मिळायची. माझं आकर्षण तिथे होतं, खरं सांगायचं तर वेड होतं. छिद्रं पाडलेल्या कार्डांची गड्डी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मी शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, आमच्या, बस बदलायची, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. कंडक्टर म्हणायचा, "एनम्मा, आत नाग आहे का?" गड्डी सांडली असती तर क्रम लावण्यात दिवस गेला असता. कार्डं खिडकीतून आत द्यायची आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घ्यायला जायचं. एक स्वल्पविराम चुकला तरी आठवडा फुकट. या हिशेबानं मी दीड वर्ष काढलं, पण कार्डांवरचा माझा कार्यक्रम, म्हणजे यंत्राचा प्रोग्रॅम, चालला. यंत्र माझ्या कोष्टकाला विचारत नव्हतं. प्रत्येक किंमत ते मुळापासून काढायचं.

आणि उत्तर जुळेना.

पत्र्याच्या थरथरीचे दोन वेग सरांच्या प्रबंधात एकमेकांपासून वेगळे होते. त्या दोहोंमधली फट हाच त्यांचा मोठा शोध. त्यावर परदेशात त्यांचं नाव झालं होतं. माझ्या हातच्या गणितातही ती फट होती, मैत्रिणीनं स्वतंत्र केलेल्या ताळ्यातही शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. यंत्र मात्र म्हणत होतं, फट नाहीच.

"यंत्र चुकलं असेल," सर म्हणाले. मग म्हणाले, "तुमचा कार्यक्रम चुकला असेल." मलाही तेच वाटलं. मुदतीला तेव्हा दहा आठवडे उरले होते. मी कार्यक्रमाची ओळ न् ओळ तपासली, तीन आठवडे, जेवताना, बसमध्ये, आईनं आंघोळीला हाक मारल्यावरही. चूक सापडेना. मला वेड लागायची पाळी आली.

मग एका दुपारी मैत्रीण म्हणाली, "अक्का, आपण दोघींनी करून जुळलं म्हणतीस, पण दोघींनी वही तर एकच वापरली की."

खरंच होतं. स्वतंत्र, स्वतंत्र म्हणून मिरवत होतो आणि पाणी एकाच विहिरीचं. मी लाल वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि फरक काढायला बसले. चौथ्या फरकाच्या रकान्यात शांत आकड्यांच्या मध्येच गोंधळ उठला, एक आड एक उणे: सत्तावीस, एकशेआठ, एकशेबासष्ट, एकशेआठ, सत्तावीस. सत्तावीसला नवानं भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की असंच होतं. आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा ओळखेल. बावन्नच्या जागी पंचवीस होते. बावन्न ऐकलं आणि माझ्या हातानं दोन आधी लिहिले. तिथे कन्नड मुलगी असती तर ही चूक झाली नसती. अक्षर माझं होतं. माझा पाच लांबून ओळखू येतो.

चूक सहाव्या स्थळाजवळची, म्हणजे चिमटीएवढी. पण सरांच्या गणितात दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होती. वजाबाकीत पुढचे सारखे आकडे उडून जातात आणि शेपटीतली चूक एकदम तोंडाशी येते. ती फट म्हणजे माझा उलटा लिहिलेला बावन्न होता. बाकी काही नाही.

मी रडले. मग तोंड धुतलं आणि सरांकडे गेले.

सरांनी कागद बघितला. फार वेळ बघितला. त्यांना समजायला दोन मिनिटंही लागली नसतील, पण मान वर करायला वेळ लागला. म्हणाले, "चौथा अध्याय काढून टाका. तीन अध्याय पुरे आहेत. मी सही करतो, मुदतीच्या आत देऊन टाका."

"सर, ते तीनही याच वहीवर आहेत. शेवटचं पान तिन्हींत आलंय."

"फरक फार नाही पडणार."

"किती पडतो ते मला माहीत आहे, सर."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी तिथे उभी राहू शकले नाही. बाहेर झाडाखाली जाऊन उभी राहिले. सात आठवडे उरले होते. गप्प बसले तर पदवी माझी होती. बोलले तर सरांची सही लागणार होती, त्यांचाच शोध खोटा ठरवणाऱ्या कागदावर. त्यांनी ती केली नाही तर पाच वर्षं पाण्यात, आणि पुन्हा कारकुनासमोर उभं राहायचं. मला तेव्हा पस्तिसावं लागलं होतं. पुन्हा पहिल्यापासून करायचं वय नव्हतं.

घरी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुला काय करायचं ते तू ठरवलंयस. मला कशाला विचारतेस?" "विचारत नाही," मी म्हटलं, "सांगतेय." "सरी, ठीक मग," म्हणाले आणि पेपर वर केला.

त्यातल्या पाच आठवड्यांत आम्ही दोघींनी तीनही अध्याय पुन्हा केले. या वेळी एकीनं दुरुस्त वही वापरली, दुसरीनं यंत्राच्या किमती. आकडे सुटेसुटे वाचले. सकाळी साडेसातला मशिनं सुरू व्हायची. माळी म्हणायचा, पक्षी उठायच्या आत तुमची टिंगटिंग. माझा उजवा खांदा तेव्हा दुखायला लागला तो आजतागायत दुखतो. चौथ्या अध्यायात मी स्पष्ट लिहिलं की फट नाही, आणि खाली टीप घातली: 'पूर्वीच्या कोष्टकातली ही चूक उतरवताना झाली असून ती प्रस्तुत लेखिकेची आहे.' मैत्रीण म्हणाली, "वाचलं तर मीच होतं." मी म्हटलं, "लिहिलं मी. गप्प बस."

प्रबंधाच्या प्रती सरांच्या टेबलावर ठेवल्या. मुदतीला बारा दिवस होते. सरांनी सही केली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. मी रोज दुपारी त्यांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसायची, डबा तिथेच खायची. येणारे-जाणारे बघायचे. बघू देत. मनातून मी फार घाबरलेली होते, पण उठले नाही. दहाव्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. "ही टीप," ते म्हणाले, "तुम्ही चूक स्वतःवर घेतलीय. हे खरं आहे ना?" "खरं आहे, सर." त्यांनी सही केली. मला वाटलं, टिपेमुळे त्यांना हायसं वाटलं असेल. चूक गणनाखोलीची ठरली, त्यांची नाही. मलाही ते चालत होतं.

तोंडी परीक्षेला कलकत्त्याहून एक म्हातारे परीक्षक आले. लांब टेबल, एका बाजूला ते आणि सर, दुसऱ्या बाजूला मी. तासभर यंत्राबद्दल विचारलं, मी धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी टीप उघडली. शेजारी सरांचा जुना प्रबंध त्यांनी ग्रंथालयातून आणून ठेवला होता.

"इथे म्हटलंय, कोष्टक लेखकाने तयार केलं. आणि तुम्ही म्हणता, चूक तुमची. मला समजलं नाही. तुम्ही नक्की काय केलंत? फक्त उतरवून घेतलंत?"

शपथेवर सांगते, मी याचा विचारच केला नव्हता. चूक कुणाची याचा केला होता, कोष्टक कुणाचं याचा नाही. हो म्हणणं किती सोपं होतं. चूक उतरवतानाच झाली होती, खोटंही ठरलं नसतं. सर वाचले असते, मीही. पण मग त्या आठ महिन्यांत केलं ते काय होतं? आणि या पाच वर्षांत?

"नाही," मी म्हटलं. "कोष्टकच मी केलं. चारशे ओळी. मी आणि माझ्या खोलीतल्या माझ्या सहकारिणीनं." आणि मी मैत्रिणीचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असं.

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "हो," ते म्हणाले. "त्या दोघींनीच केलं. मी तसं लिहायला हवं होतं." मग पुढे म्हणाले, "आणि माझी ती फट खरी नाही. या म्हणतात तेच बरोबर आहे."

मला व्हरांड्यात बसायला सांगितलं, वीस मिनिटांनी आत बोलावलं, परीक्षकांनी उठून हात पुढे केला. अभिनंदन म्हणाले, डॉक्टर म्हणाले.

तिथून मी धावतच खोलीत आले. मैत्रीण मशिनवर बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हँडल सोडलं.

"झालं न्हवं?"

"झालं. आणि ऐक, तुझं नाव घेतलं मी आत. त्यांनी लिहून घेतलं."

तिचा चेहरा पडला. "चुकीसाठी, व्हय?"

"नाही गं. कोष्टक कुणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा."

मग ती म्हणाली, "पूर्ण नाव सांगितलंस? आडनाव बरोबर?"

"वडिलांच्या नावासकट."

"सर काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

बारा वर्षं मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले होते. त्या बाईला मी तापात, भांडणात, घरची वाईट पत्रं आल्यावर बघितलं होतं, पण रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती दोन्ही हात मशिनवर ठेवून रडली, आणि मी डॉक्टर झालेली बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसून रडले.